मेंढ्यांच्या गळ्यातला आवाज

सुलन गेल्याला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा मुक्ताचा मंगोलियातून फोन आला. ती म्हणाली की सुलनचा आवाज तिकडे अजून रोज मेंढ्या हाकतोय, आणि पुढच्या कामासाठी आता माझी परवानगी लागणार आहे.

सुलन म्हणजे माझी बायको. लोकांसाठी डॉ. सुलोचना कोळेकर. आम्ही दोघंही माण तालुक्यातल्या मेंढपाळांच्या घरातले. ती शिकत गेली आणि जनावरांच्या वागण्यावर डॉक्टरेट मिळवली. मी दहिवडीला मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान काढलं. शेवटची सात-आठ वर्षं ती वसंतापासून उन्हाळाभर मंगोलियातल्या एका गवताळ प्रदेशाच्या प्रकल्पावर असायची. मुक्ता देवधर तिची विद्यार्थिनी, आता तिच्या जागेवर काम करते. मला काका म्हणते.

मेलेल्या माणसाचा आवाज यंत्रात वापरायचा तर वारसाची परवानगी लागते, असा कायदा हल्ली सगळ्या देशांत झाला आहे. आवाज दुसरीकडे न्यायचा असो, वाढवायचा किंवा कमी करायचा असो, वारसानं पडद्यावर अंगठा टेकल्याशिवाय होत नाही. मुक्ताच्या प्रकल्पाला सुलनचा आवाज आणखी चाळीस खोऱ्यांत न्यायचा होता. तिथल्या मेंढ्या, त्यांची कोकरं, कोकरांची कोकरं, सगळी त्या आवाजावर चालणार होती.

मी फोनवरच हो म्हणणार होतो. घरी माझ्याकडे सुलनचा आवाज फारसा नाही. फोनमध्ये राहिलेले काही निरोप आहेत. गॅस बंद केला का. येताना दूध आणा. एवढंच. आणि इथे मुक्ता सांगत होती की तो आवाज माझ्यामागंही पन्नास वर्षं राहील. पण मी तिला म्हटलं, हो म्हणायच्या आधी मला एकदा तिथं येऊन ऐकू दे.

एप्रिलच्या शेवटी मी गेलो.

विमानतळापासून जीपनं पूर्वेला निघालो आणि दिवसभर एकही झाड दिसलं नाही. शाळेत भूगोलात आम्ही पाठ केलं होतं की समशीतोष्ण गवताळ प्रदेशाला अमेरिकेत प्रेअरी म्हणतात, अर्जेंटिनात पंपास आणि इकडे स्टेप. पाठ करताना वाटायचं ते गवत डोक्याएवढं असेल. इथलं जेमतेम घोट्याएवढं होतं, आणि एप्रिलमध्ये तेही पिवळं. मुक्तानं गाडी थांबवून रस्त्याकडेच्या एका ओहोळाचा तुटलेला काठ दाखवला. वर वीतभर गवत आणि खाली पुरुषभर मुळं. "काका, हे रान उलटं आहे," ती म्हणाली. "जंगल जमिनीच्या खाली आहे."

समुद्र इथून फार लांब, त्यामुळं पाऊस थोडा. झाडाला पुरत नाही, गवताला पुरतो. हिवाळ्यात उणे चाळीस, उन्हाळ्यात पस्तीस. गवताचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून मेंढीनं शेंडा खाल्ला तरी ते मरत नाही. पण खाल्ल्यावर त्याला विसावा लागतो. विसावा मिळाला नाही तर ते मुळातली शिदोरी खातं, मुळं आखडतात, माती सुटते आणि वारा ती घेऊन जातो. पूर्वी लोक सतत फिरत, त्यामुळं गवताला आपोआप विसावा मिळे. पुढं तरुण माणसं खाणींवर गेली, मेंढ्या विहिरींभोवतीच राहिल्या, कुरणं उघडी पडली. मग तारेची कुंपणं आली. इथं झीर नावाची हरणं हजारोंच्या कळपांनी गवतामागं शेकडो मैल फिरतात. ती तारांत अडकून मरायला लागली.

यावर सुलनचा गळपट्टा आला. उपग्रह वरून गवताची उंची बघतो आणि आज कुठं चरायचं, कुठं नाही ते ठरतं. मेंढीच्या गळ्यातला पट्टा तिला तिकडे वळवतो. तसले पट्टे आधीही होते, पण ते विजेचा चटका द्यायचे. सुलनला ते आवडलं नाही. मेंढी व्याली की पहिले काही तास तिच्या डोक्यात एक दार उघडं असतं. त्या वेळात ती कोकराचा वास आणि ओरडणं मनात पक्कं करते, मग दार लागतं. हे शास्त्र जुनं आहे. सुलननं दाखवलं की त्या वेळात माणसाचा एखादा ओळखीचा, प्रेमाचा आवाज सतत कानावर पडला तर तोही आत जातो, आईच्या आणि कोकराच्याही. मग तो आवाज जन्मभर पुरतो. चटका लागत नाही. तिनं पहिल्या कळपासाठी स्वतःचाच आवाज दिला, कारण त्या वसंतात रात्रंदिवस विणीत बसायला तीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्सेरेनबाईंच्या गेरपाशी पोचलो. गेर म्हणजे नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू, दार दक्षिणेला. त्सेरेनबाई साठीच्या पुढच्या. त्यांची सून सोलोंगो तिशीतली, गालांची हाडं वर, हात पुरुषासारखे. तिचा नवरा दक्षिणेत कोळशाच्या खाणीवर होता. मेंढ्या ह्या दोघीच सांभाळायच्या.

कानात दुभाष्याचं यंत्र होतं. सोलोंगोनं मला मीठ घातलेला दुधाचा चहा दिला आणि काहीतरी म्हणाली. माझ्या कानात एक बाई बँकेतल्यासारखी बोलली, "कृपया चहाचा स्वीकार करावा." मी मुक्ताला म्हटलं, हे काढ नाहीतर मला चहा जायचा नाही. मुक्तानं यंत्रात काहीतरी बदललं. त्यानंतर सोलोंगो थेट म्हसवडच्या बाईसारखी बोलायला लागली. "प्या की आख, निवतोय," असं ऐकल्यावर मी दोन वाट्या प्यालो. आख म्हणजे थोरला भाऊ.

एक गोष्ट मला खटकली. सुलन त्यांच्याकडे इतके महिने राहिली, पण दोघींनी एकदाही तिचं नाव घेतलं नाही. त्सेरेनबाई 'ती बाई' म्हणायच्या. मला वाटलं, विसरल्या. किंवा प्रकल्पाची बाई होती, गेली, दुसरी आली. मी तोंड बारीक करून बसलो. संध्याकाळी मुक्तानं सांगितलं तेव्हा कळलं की इथं मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला मागं वळून बघावं लागतं, पुढं जाता येत नाही.

त्या संध्याकाळीच मी आवाज ऐकला. कळप उताराच्या पलीकडे होता. सूर्य कलला तसा वाऱ्यावर आधी नुसती पुटपुट आली, मग शब्द कळले. शेकडो गळ्यांतून एकाच वेळी, हळू, सुलन बोलत होती.

"चला गं बायांनो. हिकडं या. हिकडं हाय हिरवं."

कळप वळला. कुत्रं नाही, काठी नाही. पांढऱ्या आणि काळ्या तोंडाच्या मेंढ्या उतारावरून निवांत खाली आल्या, आणि त्यांच्याबरोबर माझी बायको आली. मी खाली बसलो. गवत ओलं होतं तरी बसलो. मुक्ता जीपमागं जाऊन उभी राहिली, ते बरं केलं.

मग तिनं मला पलीकडचं कुरण दाखवलं. तारेचे खांब उपटून रास घातलेली होती. जिथं पूर्वी उघडी माती होती तिथं गवताचे नवे कोंब फुटत होते, आणि दूर क्षितिजावर पिवळसर ठिपक्यांची एक लांब रेघ सरकत होती. ती झीर हरणं. विणीसाठी चालली होती, आणि वाटेत तार नव्हती. मी मनाशी हो म्हणून टाकलं. चाळीस कशाला, चारशे खोरी घ्या.

दुसऱ्या दिवशी मी त्सेरेनबाईंच्या गेरमध्ये हे बोललो, तेव्हा सोलोंगो चुलीत वाळकं शेण घालत होती. ती थांबली. म्हणाली, तिला तो आवाज बंद करून हवाय.

मुक्ता म्हणाली, गेल्या हिवाळ्यात झालं तो बॅटरीचा प्रश्न होता आणि तो सुटलाय. सोलोंगो म्हणाली, बॅटरीचा नव्हता. मग दोघी बराच वेळ बोलल्या, आणि मला तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं.

गेल्या हिवाळ्यात मध्येच ऊब आली, बर्फ वितळलं आणि लगेच गोठलं. गवतावर काचेसारखा थर बसला. त्यावर वादळ आलं. त्या थंडीत पट्ट्यांच्या बॅटऱ्या मेल्या आणि आवाज थांबला. सोलोंगो घोड्यावर बसून कळपाकडे गेली. मेंढ्यांचा छपराचा आडोसा समोर दिसत होता. तिनं हाका मारल्या. मेंढ्यांनी माना वर केल्या, तिच्याकडे बघितलं, आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. घोड्यानं ढकलल्या तरी परत फिरून तिथंच. त्या दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत होत्या. कळपातला तिसरा हिस्सा उभ्या उभ्या गोठला.

"राग मानू नगा, आख," सोलोंगो म्हणाली. "ती बाई सोन्यासारखी व्हती. पर मी जिती हाय, आन माज्या मेंढ्या मेलेल्या बाईच्या मागं जात्यात."

मला राग आला होता. तिचा नाही, पण कुणाचा ते सांगता येत नव्हतं.

बाहेर आल्यावर मुक्तानं आपली बाजू मांडली, आणि ती खोटी नव्हती. नव्या बॅटऱ्या उणे साठलाही चालतात. खोऱ्याखोऱ्यांतून मेंढ्या विकल्या जातात, कळप मिसळतात. सगळीकडे एकच आवाज असला तर कुठलीही मेंढी कुठंही चालेल. प्रत्येक बाईचा वेगळा आवाज भरत बसलो तर काम दहा वर्षं मागं पडेल, आणि कुरणांकडे दहा वर्षं नाहीत. शिवाय सोलोंगोनं ह्या वसंतात स्वतःचा आवाज लावून बघितला होता. मेंढ्यांचे पट्टेच काढून ठेवले आणि फोनवर भरलेला आपला आवाज लावला. विणीला बसलेल्या मेंढ्या दचकून उठल्या आणि कोकरं टाकून निघून गेल्या. दोन कोकरं त्यात गेली.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्हाला जे वाटतं ते करा, काका. मॅडमचा आवाज तुमचा आहे."

हे ऐकायला सोपं होतं. मला वाटत होतं की आवाज राहावा. मेंढ्या मरोत असं वाटत नव्हतं, पण नव्या बॅटऱ्या आल्याच होत्या ना. मी दोन दिवस स्वतःला हेच सांगत होतो आणि सकाळ-संध्याकाळ कळपाच्या वाटेवर जाऊन बसत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका मेंढीनं आपलं कोकरू नाकारलं. पहिलटकरीण होती. कोकरू जवळ आलं की डोक्यानं उडवायची. सोलोंगो तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि मेंढीचं तोंड मांडीवर घेतलं. पट्ट्यातून सुलनचा आवाज चालू होता, अगदी हळू, लयीत. सोलोंगोही त्याच्याबरोबर म्हणत होती. कानातलं यंत्र गप्प होतं, कारण शब्द मंगोल नव्हते. माणदेशी होते.

"घे गं बाय, तुजंच हाय ते. वास घे, वास. तुजंच हाय."

इथल्या बायकाही नाकारणाऱ्या मेंढीला असंच गाऊन गाऊन वळवतात, त्यांचे स्वतःचे बोल आहेत. पण ह्या कळपाला ते ठाऊक नव्हते, म्हणून सोलोंगो सुलनचे शिकली होती. तिला अर्थ माहीत नव्हता. मेंढी शांत झाल्यावर तिनं मला विचारला. मी सांगितला. ती हसली. म्हणाली, आमच्यात पण हेच सांगत्यात, दुसरं काय सांगणार.

त्याच दुपारी एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं, आणि दुसरीकडे एक कोकरू आईवेगळं झालेलं होतं. त्सेरेनबाईंनी मेलेल्या कोकराचं कातडं सोललं आणि पोरक्या कोकराला अंगरख्यासारखं घातलं. पाय चार भोकांतून काढले. मेंढीनं हुंगलं, वास आपल्याच पोराचा आला, तिनं पाजायला घेतलं. माझे वडील हे करायचे. मला त्यात नवल नव्हतं. मुक्ता मात्र पुण्यात वाढलेली, संगणकावरच जास्त काम केलेली. तिनं हे कधी बघितलं नव्हतं. मी तिला सांगितलं की आता रोज ह्या कातड्याचा एकेक तुकडा कापायचा. आधी शेपटीकडचा, मग मागचा. मेलेल्याचा वास कमी होत जातो, जित्याचा वाढत जातो, आणि मेंढीला कधी बदल झाला ते कळतही नाही.

मुक्ता त्या कोकराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, आवाजाचंही असं करता येईल."

तिचं म्हणणं असं, की सोलोंगोनं चूक केली ती सुलनचा आवाज एकदम बंद करण्याची. दोन्ही आवाज एकाच वेळी लावायचे. सुरुवातीला सुलनचा मोठा आणि त्याच्या आड सोलोंगोचा. विणीचा हंगाम चालू आहे, रोज कुठल्या ना कुठल्या मेंढीच्या डोक्यातलं दार उघडतंय. रोज सुलनचा थोडा खाली आणायचा, सोलोंगोचा वर. हंगाम संपेपर्यंत सुलनचा शून्य. पट्टे राहतील, गवताचं सगळं काम तसंच चालेल. फक्त पट्ट्यात आवाज असेल तो जित्या, इथं राहणाऱ्या बाईचा. पट्टा मुका झाला तरी बाई असेल.

"आणि एकदा इथं जमलं, तर चाळीस खोऱ्यांत चाळीस बायकांचे भरता येतील," ती म्हणाली. "वेळ लागेल. दहा वर्षं नाही लागणार."

मग पुढचं तिलाही कळलं. आवाज दर वेळी कमी करायला वारसाचा अंगठा लागणार होता. रोज.

मी कळपाकडे गेलो आणि संध्याकाळभर तिथं थांबलो. सुलन मेंढ्यांना सांगत होती, हिकडं हाय हिरवं. मेंढीला ती जे सांगायची ते मेंढीसाठीच होतं, माझ्यासाठी नाही. ते मला आधीपासून ठाऊक होतं. तरी तिथं बसून ते पुन्हा पटवून घ्यायला वेळ लागला.

सकाळी मी मुक्ताला म्हटलं, आण ते यंत्र.

सोलोंगोनं गेरमध्ये बसून आवाज दिला. शब्द तिनं सुलनचेच ठेवले. मुक्ता म्हणाली, तुझ्या भाषेतले घे, तर म्हणाली मेंढ्यांना आता हे ठाऊक आहेत, आणि तिलाही.

मग रोज दिवस मावळायच्या आधी मुक्ता माझ्यासमोर पडदा धरायची आणि मी अंगठा टेकवायचो. सुलनचा आवाज एक पायरी खाली जायचा. पहिले काही दिवस फरक कळला नाही. मग कळायला लागला. आधी वाऱ्यात तिचे शेवटचे शब्द हरवायला लागले. मग ती लांबून बोलते आहे असं वाटायला लागलं, स्वयंपाकघरातून बोलावं तसं. मेंढ्या मात्र दोन्ही आवाजांवर वळत होत्या. नवी कोकरं तर सोलोंगो नुसती दिसली तरी धावायची. ती त्यांना शिव्या घालायची आणि खूश असायची.

एक दिवस मी अंगठा टेकवला नाही. उद्या, म्हटलं. त्सेरेनबाईंनी माझ्यापुढं सुक्या दह्याचे खडे ठेवले आणि शेजारी बसून राहिल्या. म्हणाल्या की नवरा गेला तेव्हा त्यांनी त्याचं खोगीर वर्षभर घोड्यावरून उतरवलं नव्हतं. घोड्याच्या पाठीला फोड आले. "घोडं बिचारं काय बोलणार," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन पायऱ्या कमी केल्या.

कळपात एक म्हातारी मेंढी होती. थंडीनं तिचे कान लहानपणीच गळाले होते. सुलननं तिला बाटलीनं वाढवली होती आणि नाव ठेवलं होतं तुटकानी. त्या वर्षी ती गाभण नव्हती, त्यामुळं तिच्या डोक्यातलं दार उघडलंच नव्हतं. सुलनचा आवाज जसा बारीक होत गेला तशी ती मागं रेंगाळायला लागली. कळप वळायचा, ही उभी. मुक्तानं ते टिपून ठेवलं, पण एका मेंढीसाठी काही करण्याजोगं नव्हतं.

मे संपत आला असताना वादळ आलं. इथं मेमध्येही बर्फ पडतं, आणि ते हिवाळ्यापेक्षा वाईट, कारण कळपात मेंढ्यांबरोबर शेळ्याही असतात आणि त्यांची लोकर तेव्हा नुकतीच विंचरून काढलेली असते. दुपारी पश्चिम काळी झाली, आधी धूळ आली, मग ओलं बर्फ. कळप आडोशापासून लांब होता. सुलनचा आवाज अजून पूर्ण शून्य झालेला नव्हता, थोड्या पायऱ्या बाकी होत्या.

आम्ही जीपनं कळपापर्यंत गेलो. सोलोंगो घोड्यावर आधीच पोचली होती. तिनं जवळ येऊन खिडकीवर थाप मारली.

"समदे पट्टे बंद करा," ती म्हणाली. "तिचा बी, माजा बी."

मुक्ता नाही म्हणाली. नव्या बॅटऱ्या टिकतील, म्हणाली. सोलोंगोनं उलट विचारलं, ओल्या धुळीत टिकतील का? मुक्तानं पडद्यावर बघितलं. काही पट्टे आत्ताच मुके झाले होते. अर्धे बोलले आणि अर्धे मुके राहिले तर कळप दोन्हीकडे फुटेल, आणि मग कुणाच्याच हातात राहणार नाही. आत्ता तो एका जागी होता. हाकेच्या टप्प्यात होता.

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. पडदा तिच्या हातात होता.

आडोशापर्यंत बराच पल्ला होता. मेंढ्या चालल्या नाहीत तर पुढचं मला ठाऊक होतं. सोलोंगोनं ते सांगितलं होतं. मी अंगठा टेकवला. वाऱ्याखाली जी पुटपुट इतके दिवस चालू होती ती थांबली. नुसता वारा उरला.

मेंढ्यांनी माना वर केल्या.

सोलोंगो घोड्यावरून उतरली. का उतरली ते नंतर विचारलं, तर म्हणाली, ती बाई कधी घोड्यावर बसली नाही. ती कळपाच्या पुढं चालत गेली, पाठ करून, आणि ओरडली.

"चला गं बायांनो. हिकडं या."

आधी कोकरं निघाली. त्यांच्या आया त्यांच्या मागं निघाल्या. मग बाकीच्या. एकदा चालायला लागल्यावर कळप एका अंगानं चालला, आणि त्या पांढऱ्या अंधारात मला तिची पाठ दिसेनाशी झाली तरी हाक ऐकू येत होती, कारण ती थांबतच नव्हती. मुक्ता रडत होती आणि गाडी चालवत होती. मी तिला म्हटलं, समोर बघ.

तुटकानी मागं राहिली. आम्ही तिला हेडलाइटच्या उजेडात उभी बघितली. मी उतरून तिला ढकललं, ती फिरून परत तिथंच. मी माझ्या आवाजात हाक मारली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. उचलणं माझ्या ताकदीचं नव्हतं. मी मुक्ताला म्हटलं, हिचा एकटीचा पट्टा चालू कर. पहिल्यासारखा, पूर्ण.

मुक्तानं पडदा पुढं केला. माझ्या अंगठ्यावर बर्फ होतं, दोनदा पुसावा लागला. मग त्या सगळ्या वादळात एका गळ्यातून सुलन मोठ्यानं म्हणाली, चला गं बायांनो. तुटकानी लगेच निघाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून, जीपच्या उजेडात, आडोशापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो.

आतमध्ये कळप वाफाळत उभा होता. सोलोंगोचा आवाज बसला होता, ती खुणांनी बोलत होती. त्या वादळात तिच्या तीन शेळ्या गेल्या. मेंढी एकही नाही.

मी पडद्यावर दोन गोष्टी लिहून अंगठा दिला. सुलनचा आवाज चाळीस खोऱ्यांत जाणार नाही. तिनं काढलेली पद्धत जाईल, कातड्याच्या युक्तीसकट, आणि प्रत्येक खोऱ्यात तिथल्याच बाईचा, किंवा बाप्याचा, आवाज भरला जाईल. मुक्तानं पुढच्या खोऱ्यातल्या दोन घरांशी बोलणंही सुरू केलं आहे. त्यांतलं एक घर म्हणे आवाज कुणाचा भरायचा यावरून भांडतंय. सासूचा की सुनेचा. मुक्ता म्हणाली, काका, हे शास्त्रात बसत नाही. मी म्हटलं, दोघींचा भरा.

निघताना मुक्तानं विचारलं की मॅडमचं सगळं रेकॉर्डिंग फोनमध्ये घालून देऊ का. मी घेतलं. मी काही साधू नाही.

तुटकानीचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. तो त्सेरेनबाईंनी सोडवला. इथं घरातलं एखादं जनावर देवाला सोडतात. त्याला सेतेर म्हणतात. त्याच्या मानेला रंगीत फीत बांधतात, मग त्याला कुणी विकत नाही, मारत नाही, ते आपल्या मरणानं मरतं. त्सेरेनबाईंनी तुटकानीच्या पट्ट्यालाच निळी फीत बांधली, तिच्या कपाळाला दूध लावलं, आणि मला सांगितलं की हिच्या गळ्यातला आवाज राहू दे. एवढ्या एका मेंढीपुरतं कुणाला मागं वळून बघावं लागत नाही. नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही.

जूनमध्ये पाऊस झाला आणि रान हिरवं झालं. मी निघायच्या दिवशी सोलोंगो कळप नव्या कुरणावर नेत होती, जुन्याला विसावा द्यायला. ती पुढं होती. तिच्यामागं कोकरं, कोकरांमागं आया, आणि सगळ्यांत शेवटी निळ्या फितीची तुटकानी. मी जीप थांबवायला लावली आणि तिच्याबरोबर थोडं चाललो. तिच्या गळ्यातून सुलन तिला सांगत होती, हिकडं या, हिकडं हाय हिरवं. तुटकानीनं मान खाली घातलेली होती. तिचं लक्ष नव्हतं. ती चरत होती.